फोनची चारसोबीसी

१०८० ठिपके रुंद आणि २४०० ठिपके उंच. बऱ्यापैकी किमतीच्या फोनच्या काचेमागे असे २५ लाख ९२ हजार ठिपके बसवलेले असतात, आणि कारखान्यातून फोन बाहेर पडला की त्यांत एकाचीही भर पडत नाही, एकही कमी होत नाही. तरीही सेटिंग्जमध्ये जाऊन 'डिस्प्ले साइझ'ची पट्टी जरा सरकवा. चिन्हं फुगतात, बटणं जाड होतात, यादीत दहा नावं दिसत होती तिथे आठच उरतात. उलट सरकवली की सगळं आक्रसतं आणि बारा नावं मावतात. काचेला काहीच झालेलं नसतं. बदललेला असतो फोनच्या पोटातला एकच आकडा.

त्या आकड्याला म्हणतात डेन्सिटी, म्हणजे एका इंचात ठिपके किती दाटीने बसलेत त्याचं माप. ॲप बनवणारा 'हे बटण १०० ठिपके रुंद ठेव' असं लिहीत नाही. तसं लिहिलं तर विरळ ठिपक्यांच्या फोनवर ते दार होईल आणि दाट ठिपक्यांच्या फोनवर तिळाएवढं. तो लिहितो 'डीपी'मध्ये. आपल्याकडे डीपी म्हणजे व्हॉट्सॲपवरचा फोटो, नाहीतर ऐन पाण्याच्या पाळीला जळणारा शिवारातला ट्रान्सफॉर्मर. हा डीपी तिसरा. याचा नियम सरळ आहे: १६० डीपी म्हणजे एक इंच. फोन म्हणाला 'माझी दाटी १६०', तर एक डीपी म्हणजे एक ठिपका. ३२० म्हणाला तर दोन, ४८० म्हणाला तर तीन. बिचारं ॲप पट्टी लावून बघत नाही. फोन सांगेल त्यावर विश्वास ठेवतं आणि त्या हिशोबाने घर मांडतं.

आणि फोन खरं बोलत नाही! गंमत सगळी इथे आहे. गूगलचा २०१६ सालचा पहिला पिक्सेल फोन घ्या. पाच इंची काच, इंचाला खरे ठिपके ४४१, आणि ॲपना तो सांगायचा ४२०. त्याच्या आदल्या वर्षीचा नेक्सस ६पी तर उलट्या दिशेने थापा मारायचा: खरी दाटी ५१८, सांगितलेली ५६०. १०८० ठिपके रुंद असलेल्या कितीतरी फोनांमध्ये आजही तो ४२०चाच आकडा सापडतो. भारतीय दंड संहितेचं ४२० वं कलम १ जुलै २०२४ला संहितेसकट गेलं, फसवणुकीसाठी न्याय संहितेचं ३१८ वं आलं. फोनातलं ४२० मात्र जागच्या जागी आहे.

ही थाप कशासाठी? कंपनीला ठरवायचं असतं की पडद्याच्या रुंदीत किती मजकूर मावावा. १०८०ला १६०ने गुणून ४२०ने भागलं की उत्तर येतं ४११. म्हणजे त्या फोनवर ॲपना ४११ डीपी रुंदीचं अंगण मिळतं. तोच फोन ४८० म्हणाला असता तर अंगण ३६०चं झालं असतं, आणि त्यात मांडलेली प्रत्येक वस्तू मोठी दिसली असती. थोडक्यात, डेन्सिटीचा आकडा हे मोजमाप नसून कंपनीने घेतलेला निर्णय आहे.

पुणे जिल्ह्यातल्या भोरच्या बाजारपेठेत दहा हजारांच्या आतबाहेर मिळणारा एखादा फोन घेतला तर हे आणखी उघड दिसतं. साडेसहा इंची काच, पण रुंदीत ७२० आणि उंचीत १६०० ठिपके. खरी दाटी भरते इंचाला २७०. फोन सांगतो ३२०. ॲपने एक इंच मागितला की फोन मोजून ३२० ठिपके देतो, आणि काचेवर पट्टी धरली तर ते भरतात तीन सेंटिमीटर. इंच अडीच सेंटिमीटरचा, हे आपण चौथीत शिकलो. या फोनचा इंच तीनचा. म्हणूनच फोनची मोजपट्टी करणारी ॲप सुरुवातीलाच काचेवर एटीएम कार्ड ठेवायला सांगतात. जगातलं प्रत्येक एटीएम कार्ड ८५.६ मिलिमीटर लांब असतं, त्यामुळे फोनच्या शब्दापेक्षा कार्डावर भरवसा ठेवलेला बरा.

या सगळ्याचा उगम २००८मध्ये आहे. अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसीने बनवलेला टी-मोबाइल जी१, ३२० ठिपके रुंद आणि ४८० उंच होता. त्याच्या काळात डेन्सिटीचा प्रश्नच नव्हता, कारण पडदा एकच होता. दुसऱ्या वर्षी अँड्रॉइडची १.६ ही आवृत्ती आली, सोबत वेगवेगळ्या पडद्यांचे फोन आले, आणि १६० हा पाया धरून पायऱ्या पाडल्या गेल्या: १२०, १६०, २४०, पुढे ३२०, ४८० आणि ६४०. एकाच ॲपमध्ये एकाच चिन्हाच्या चार-पाच प्रती भरलेल्या असतात, ४८ ठिपक्यांची, ७२ची, ९६ची, १४४ची, १९२ची. फोन आपल्या पायरीजवळची उचलतो. ॲपलने २०१०मध्ये आयफोन ४च्या वेळी ठिपके नेमके दुप्पट करून हा गुंता टाळला. अँड्रॉइडच्या नशिबी शंभर कंपन्या, शंभर काचा.

वापरणाऱ्याच्या हातात तो आकडा मात्र बरीच वर्षं नव्हता. हौशी पोरं फोन रूट करून, म्हणजे त्याची आतली कुलपं तोडून, आतल्या एका फाइलमधला आकडा खोडून नवा लिहायची, आणि एखादा शून्य जास्त पडला की फोन सुरू व्हायचं नाव घ्यायचा नाही. २०१६च्या अँड्रॉइड ७ने सेटिंग्जमध्ये पट्टी दिली, आणि जे धाडसाचं काम होतं ते आजीसुद्धा अंगठ्याने करू लागली.

पण इतके दाट ठिपके लागतात तरी कशाला? याचं उत्तर राजगडावर चांगलं कळतं. निरोगी डोळ्याला दोन वस्तू वेगळ्या दिसायच्या तर त्यांच्यात किमान एक कला एवढं कोनीय अंतर लागतं; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून तोरणा सरळ रेषेत साधारण आठ किलोमीटर. त्या अंतरावर एक कला म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास. तोरण्यावर उभा असलेला माणूस इथून ठिपका म्हणूनही वेगळा दिसणार नाही. त्याची उंची डोळ्याच्या मर्यादेच्या आतच संपते. तोरण्याच्या बुधला माचीचा सुळका दिसतो, त्यावर कोणी चढलंय का ते नाही.

आता हाच हिशोब हातातल्या फोनला लावा. फोन आपण साधारण ३० सेंटिमीटरवर धरतो. तिथे एक कला भरते ०.०८७ मिलिमीटर. १०८० ठिपक्यांच्या साडेसहा इंची फोनचा एक ठिपका असतो ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे डोळ्याच्या मर्यादेखाली. ७२०च्या फोनचा ठिपका ०.०९४, मर्यादेच्या किंचित वर. तरुण, तीक्ष्ण डोळ्याला अक्षराच्या कडा जराशा खरखरीत वाटतील. चाळिशी लागलेल्याला दोन्ही फोन सारखेच गुळगुळीत. (फोनवर जास्त पैसे घालण्याआधी स्वतःच्या डोळ्यांचं वय बघा, एवढा मतलबी सल्ला यातून निघतो.)

दाटी वाढल्याचा खरा फायदा इंग्रजीपेक्षा मराठीला झाला, असं माझं मत आहे. इंग्रजी अक्षरं एका ओळीत शेजारी-शेजारी बसतात. आपली मजल्यावर मजले चढवतात. 'महाराष्ट्र' या रोजच्या शब्दातला शेवटचा अवयव बघा: ष, त्याला जोडलेला ट, त्याच्या पायाशी र. 'र्‍हस्व-दीर्घ' लिहिताना सुरुवातीला अर्धा र, शेवटी डोक्यावर रफार. १६०च्या दाटीवर बारा मापाचं अक्षर म्हणजे जेमतेम बारा ठिपके उंच जागा. त्यातला एक शिरोरेषेला, तीन वरच्या मात्रांना, तीन खालच्या उकारांना. उरलेल्या पाच ठिपक्यांत 'ष्ट्र' कोरून दाखवा! त्या काळच्या फोनांवर तर बहुधा अक्षरांच्या जागी नुसते चौकोनच यायचे. ४८०च्या दाटीवर त्याच जागेत छत्तीस ठिपके मिळतात आणि जोडाक्षराला पहिल्यांदा हातपाय पसरता येतात.

अक्षराला जागा मिळाली तरी चौकट वेगळी अडचण करते. ॲपची बटणं पुष्कळदा इंग्रजी शब्द समोर ठेवून आखलेली असतात, उंची बांधून ठेवलेली. अक्षर मोठं केलं की वरचा किंवा खालचा भाग चौकटीबाहेर जाऊन कापला जातो. इंग्रजीत फार तर शेपूट तुटतं. मराठीत 'अर्ज'चा रफार जातो आणि 'अज' उरतो, 'गुंठे'चा उकार गळून 'गंठे' होतात, 'खर्च' 'खच' होतो.

इथे दोन सेटिंग्जमधला फरक कळायला हवा. 'फॉन्ट साइझ' फक्त मजकूर फुगवतं. चौकटी, चिन्हं, मधली अंतरं आहे तशीच राहतात, म्हणून कापाकापी तिथे जास्त. 'डिस्प्ले साइझ' डेन्सिटीचाच आकडा बदलतं, त्यामुळे अक्षराबरोबर त्याचं घरही वाढतं. मराठी वाचणाऱ्याने आधी डिस्प्ले साइझ वाढवावं आणि मग लागलंच तर फॉन्टला हात लावावा. मोबाइलच्या दुकानांत बहुतेक वेळा उलटं करतात.

भोरमधल्या अशाच एका दुकानात हे चालू असताना पाहिलं. हिर्डस मावळातून आलेले एक आजोबा, धोतर-टोपी, फोनला पोत्याच्या सुतळीने बांधलेलं कव्हर. काउंटरवरच्या पोराने दोन्ही पट्ट्या शेवटाला नेल्या आणि फोन परत दिला.

"घ्या नाना, आता बिनचष्म्याचं दिसंल."

नानांनी एक फॉर्म उघडला, डोळ्यांपासून हातभर लांब धरला. "दिसतंय की. पण खालचं बटण कुठं गेलं रं?"

बटण गेलं होतं पडद्याच्या तळाखाली, आणि तो फॉर्म वर सरकतच नव्हता. पोराने फॉन्टची पट्टी दोन घरं मागे घेतली, डिस्प्लेची तशीच ठेवली. बटण वर आलं. पोराला डीपी, डेन्सिटी यातलं काही ठाऊक नसावं, पण क्रम त्याने आपसूक बरोबर धरला.

अशा फॉर्ममध्ये काय काय अडकलेलं असतं ते बघण्यासारखं आहे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याच्या वहीतली पिकांची नोंद शेतकऱ्याच्या फोनवर आली. गट नंबर निवडायचा, पिकाखालचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये भरायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा. भोर-वेल्ह्यात भाताची खाचरं डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी, एकेक दहा-बारा गुंठ्यांची. गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर, तेव्हा बारा गुंठ्यांचं खाचर लिहायचं ०.१२. त्यातलं दशांशाचं टिंब नेहमीच्या मापाच्या अक्षरात असतं दीड डीपीच्या आसपास. ७२०च्या फोनवर तीन ठिपके, म्हणजे मिलिमीटरचा पाऊण हिस्साही नाही, पाव हिस्सा. ते टिंब एक घर सरकलं तर बारा गुंठ्यांचं खाचर सव्वा हेक्टरच्या जवळ जातं. आंबेमोहर असो की इंद्रायणी, नोंद त्या पाव मिलिमीटरच्या टिंबावर उभी.

मग पट्टी हवी तेवढी वाढवून टाकावी? तिथे फोन अडवतो. मूळ अँड्रॉइडचा नियम असा की अंगण ३२० डीपीपेक्षा अरुंद होऊ द्यायचं नाही. पहिल्या जी१ची रुंदीही तेवढीच होती. १०८०चा फोन ४२०वरून ५४०पर्यंत जाऊ शकतो, सव्वा पटीहून जास्त. ७२०चा फोन ३२०वरून फक्त ३६०पर्यंत, म्हणजे आठव्या हिश्शाने मोठा. मोठ्या अक्षरांची गरज ज्याला जास्त, त्या म्हाताऱ्या माणसाच्या स्वस्त फोनला ढील कमी! काही कंपन्या आपापल्या पट्ट्या वेगळ्या ठेवतात, पण मुळातला हिशोब हा असा कंजूष आहे.

काही ठिकाणी ही पट्टी कितीही ओढली तरी काहीच फरक पडत नाही, आणि नेमका सातबारा त्यात येतो. ऑनलाइन उतरवून घेतलेला सातबारा म्हणजे पीडीएफ, ए-फोर कागदाचं चित्र. कागद २१० मिलिमीटर रुंद, फोन ६८. पानाची रुंदी पडद्यात बसवली की प्रत्येक अक्षर एक तृतीयांश होतं; तीन मिलिमीटरचं अक्षर एकचं. पीडीएफला डीपीशी देणंघेणं नसतं, ते पडद्याच्या कडा बघून पसरतं. फोटो आणि व्हिडिओही तसेच. फोन आडवा धरला तर रुंदी १५० मिलिमीटर मिळते आणि अक्षर दुपटीहून मोठं होतं; आणेवारी वाचायची तर हाच उपाय.

आता उलट्या दिशेला, म्हणजे आकडा कमी करायला जाऊ. पट्टी त्या बाजूला फार सरकत नाही, मूळच्या ८५ टक्क्यांवर थांबते. त्यापुढे जायचं तर फोनच्या माहितीत बिल्ड नंबर शोधून त्यावर सात वेळा टिचकी मारायची. सातव्या टिचकीला फोन तुम्हाला डेव्हलपर झाल्याचं जाहीर करतो. आयुष्यात इतक्या स्वस्तात पदवी दुसरीकडे मिळत नाही. मग डेव्हलपर पर्यायांमध्ये 'सर्वांत कमी रुंदी' अशा अर्थाची एक ओळ सापडते. तिथे थेट डीपी लिहिता येतात. अंगण किती रुंद हवं ते तुम्ही सांगायचं, डेन्सिटी फोन मागच्या बाजूने काढून घेतो.

तिथे ६०० लिहा आणि बघत राहा. १०८०च्या फोनची डेन्सिटी खाली येते २८८वर, आणि फोनला वाटतं आपण टॅब्लेट आहोत. २०११पासून अँड्रॉइडमध्ये ६०० डीपी हीच फोन आणि टॅब्लेटमधली वेस मानलेली आहे. काही ॲप लगेच दोन रकान्यांत मांडली जातात, डावीकडे यादी, उजवीकडे मजकूर. नव्या आवृत्तीच्या काही फोनांवर तळाला टॅब्लेटसारखी पट्टीही उगवते. खिशात मावणारी तीच काच, तेच २५ लाख ९२ हजार ठिपके. या क्षणी स्क्रीनशॉट काढून त्याचा आकार तपासला तरी १०८० बाय २४००च येतो. फोन यामुळे वेगवान होतो असं सांगणारे भेटतील. ते खरं नाही, कारण रंगवायचे ठिपके कमी झालेलेच नसतात.

दोन-तीन गोष्टी सांभाळायच्या. आकडा बदलला की उघडी असलेली ॲप स्वतःला पाडून नव्याने उभी राहतात, तेव्हा अर्धा भरलेला फॉर्म उडू शकतो. आधी जमा करा, मग खेळा. डेव्हलपर पर्याय चालू असले की काही बँकांची ॲप रुसतात, काम झालं की ते बंद करावेत. आणि बदलण्याआधी मूळ आकडा कागदावर लिहून ठेवा. फारच मोठी रुंदी लिहिली तर अक्षरं मुंगीएवढी होतात आणि परतीची ओळच वाचता येत नाही. अशा वेळी फोन केबलने संगणकाला जोडून मूळ डेन्सिटी परत आणणारी एक ओळीची आज्ञा देता येते; फक्त यूएसबी डिबगिंग आधीच चालू करून ठेवलेलं हवं. संगणकावरून आकडा घालतानाही ७२च्या खाली अँड्रॉइड जाऊ देत नाही, तेवढं भान त्याला आहे.

६००चा आकडा घातलाच आहे तर परत फिरण्याआधी नकाशा उघडा. गूगलच्या नकाशात झूमची पायरी ठरली की एका डीपीत किती जमीन मावणार हेही ठरतं. आपल्या अक्षांशावर बाराव्या पायरीला एक डीपी म्हणजे सुमारे ३६ मीटर. ३६० डीपीच्या फोनच्या रुंदीत मावतात १३ किलोमीटर, ४११मध्ये जवळजवळ १५. राजगड ते भोर हे पूर्व-पश्चिम अंतर १७ किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे त्या पायरीवर कंपनीने दिलेल्या आकड्यात दोन्ही एकत्र बसत नाहीत. गड दिसला की गाव कडेबाहेर, गाव दिसलं की गड. ६००वर रुंदी पावणेबावीस किलोमीटर होते. डावीकडे राजगड, उजवीकडे भोर, मधे भाटघरच्या पाण्याची फाटे फुटलेली निळी बोटं, वरच्या अंगाला गुंजवणीचं खोरं, सगळं एका नजरेत, आणि गावांची नावं इतकी बारीक की फोन नाकाशी न्यावा लागतो. मनसोक्त बघून घ्या. मेसेज टाइप करायला बसण्याआधी ४११ परत घाला. ६००वरच्या कीबोर्डावर एका अंगठ्याखाली तीन अक्षरं येतात.